2009 च्या बोलेरोला 2020 चा बंपर बसतो का? गॅरेजला जाण्याआधी हे वाचा

तानसा : पाऊस उघडला, भाताची कापणी-झोडणी उरकली की शहापूर-मुरबाड भागातल्या गॅरेजांसमोर जुन्या गाड्या लागायला सुरुवात होते. चार महिने चिखलात आणि खड्ड्यांत फिरलेली गाडी लग्नसराईच्या आत नीट करून घ्यायची असते. कुणाचे पाटे बसलेले, कुणाचा सायलेन्सर गळालेला. त्यात एक मागणी हमखास ऐकू येते. "मिस्त्री, बंपर फुटलाय. आता टाकायचाच आहे तर नव्या मॉडेलचा टाका. गाडी नवी दिसेल."

गाडी असते 2008-09 सालची बोलेरो, नाहीतर त्याच्याही आधीची कमांडर किंवा एमएम 540. डोक्यात असतो 2020 नंतरच्या गाडीचा चेहरा. मिस्त्री वरखाली बघतो आणि म्हणतो, "बसवू की, काय नाय त्यात." संध्याकाळपर्यंत बसलेला पण असतो. कसा बसला, मागे काय कापलं, काय जोडलं, हे मालकाने वाकून बघितलेलं नसतं.

दोन वेगळ्या सालांचे बंपर एकमेकांना बसवणं हे काही आपल्याकडचंच खूळ नाही. जगभर जुन्या गाड्यांचे शौकीन हे करतात आणि चांगलंही करतात. पण ते करताना काय सांभाळतात आणि आपल्याकडे काय सुटतं, ते समजून घेतलं तर पैसे वाचतील आणि कदाचित पुढे बसलेल्या माणसाचे पायही.

बंपर कशावर उभा असतो

आपण ज्याला बंपर म्हणतो ते बाहेरचं फायबर. मिस्त्री फायबर म्हणतात, असतं प्लास्टिकच. धक्का सोसण्यात त्याचा वाटा थोडाच. त्याच्या मागे लोखंडी आडवी पट्टी असते, ती पट्टी दोन ब्रॅकेटवर असते आणि ते ब्रॅकेट चेसिसच्या पुढे आलेल्या दोन टोकांना नटबोल्टने आवळलेले असतात. बैलगाडीच्या साट्याला पुढे जशी दांड्यांची टोकं आलेली असतात तशी ही चेसिसची टोकं. फायबर कडेने मडगार्डला आणि वरून जाळीला स्क्रूने किंवा क्लिपने धरलेलं असतं.

म्हणजे एका बंपरचे चार थर झाले. दुकानातून किंवा भंगारातून आपण आणतो तो फक्त पहिला थर. बाकीचे तीन जुन्या गाडीचेच राहतात. सगळा घोळ इथे आहे.

कंपनी मॉडेल बदलते तेव्हा कधी फक्त फायबरचा साचा बदलते. मागचे बोल्ट, भोकं, अंतर सगळं तेच असतं. असा बंपर अर्ध्या तासात बसतो. कधी जाळी, हेडलाईट, मडगार्डचा काठ असं सगळं बदलतं. मग फायबर पुढून बसल्यासारखं दिसतं, पण कडेला दोन बोटं फट राहते. आणि कधी मागचं ब्रॅकेटच वेगळं येतं. बाहेरून बघून या तिन्हींतला फरक कळत नाही. गाडीचं नाव एकच, म्हणून आपण धरून चालतो की सामानही एकच असणार.

बोलेरोची 112 मिलिमीटरची गोष्ट

बोलेरो 2000 साली बाजारात आली. तेव्हापासून नाव तेच, पेटीसारखा आकारही तोच, पण पुढचा चेहरा 2011 मध्ये बदलला आणि 2020 मध्ये बीएस 6 इंजिन आलं तेव्हा पुन्हा बदलला. या दोन्हींच्या मध्ये 2016 साली एक बदल झाला. तो चेहऱ्यावर फारसा दिसत नाही, पण बंपरच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

जुनी बोलेरो 4107 मिलिमीटर लांब होती. 2016 मध्ये बोलेरो पॉवर प्लस आली ती 3995 मिलिमीटर. म्हणजे 112 मिलिमीटर, साधारण साडेचार इंच कमी. गाडी आतून लहान झाली का? नाही. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर आधी 2680 होतं, नंतरही 2680 च राहिलं. लांबी कमी झाली ती बंपर आखूड करून.

हा खटाटोप कशाला, तर करासाठी. आपल्या देशात 4 मीटरच्या आतली, डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंतचं इंजिन असलेली गाडी 'लहान' धरली जाते. 2016 मध्ये लहान गाडीला अबकारी कर 12.5 टक्के होता, मोठ्या गाड्यांना बराच जास्त. त्यामुळे कंपनीने जुन्या 2523 सीसीच्या जागी 1493 सीसीचं इंजिन दिलं आणि बंपर आखूड केले. पुढे जीएसटी आला तरी ही 4 मीटरची रेघ तशीच राहिली. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाडीला 18 टक्के आणि मोठ्या गाडीला 40 टक्के असे दर आहेत. साडेचार इंच बंपरची किंमत काय असते ते यावरून कळेल.

आता आपल्या गॅरेजात या. 2009 च्या बोलेरोला 2016 नंतरचा बंपर लावायचा झाला तर दोन साच्यांत लांबीचाच फरक आहे. आखूड बंपर जुन्या टोकांवर नीट बसत नाही. मग मिस्त्रीपुढे दोन वाटा राहतात. एक, त्या सालाचं पूर्ण सामान आणून ते जुन्या चेसिसला जुळतंय का ते मापून बघायचं. दुसरी, गॅस कटर काढून आड येईल ते उडवायचं आणि उरलेल्या जागी पट्टी वेल्ड करायची. दुसरी वाट स्वस्त आणि झटपट, म्हणून बहुतेक गाड्या तिनेच जातात.

उलटंही करून चालत नाही. 2018 च्या गाडीला भंगारातला 2010 चा बंपर स्वस्त मिळाला म्हणून लावला, तर 4 मीटरच्या आतली म्हणून पास झालेली गाडी त्या मापाबाहेर जाऊ शकते.

जुन्या जीपला जमतं, मग बोलेरोला का नाही?

हा प्रश्न म्हातारे ड्रायव्हर विचारतात आणि तो बरोबरच आहे. जीपच्या काळात ही भानगड नव्हती. महिंद्रने स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीपा सुट्या भागांत आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. त्या जीपचा पुढचा बंपर म्हणजे सरळ लोखंडी चॅनेल. चेसिसच्या दोन टोकांवर आडवा टाकायचा, बोल्ट आवळायचे, झालं. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपच्या चॅनेलमध्ये तर आतून लाकूड ठोकलेलं असायचं. ना फायबर, ना क्लिपा, ना दिव्याची भोकं. अशा गाडीचा बंपर कोणत्याही सालचा असो, भोकांचं अंतर जुळलं की काम झालं. नाही जुळलं तर नवीन भोक पाडायचं, तेही चॅनेलला, चेसिसला नाही.

पण जीपमध्येही एक जागा आहे जिथे हात घालायचा नाही. जुन्या जीपला पुढे पाटे असतात. त्या पाट्याचं पुढचं टोक बंपरच्या मागेच चेसिसला अडकवलेलं असतं. हल्ली हौशी पोरं एमएम 540 ला थारचा बंपर लावायला बघतात. थार 2010 मध्ये आली. दिसायला जीपची नात, पण तिच्या कॉमन रेल इंजिनच्या मॉडेलला पुढे पाटे नाहीत, सस्पेन्शन वेगळं आहे. त्यामुळे तिच्या चेसिसची पुढची रचनाही वेगळी. तिचा बंपर बसवायला जीपची टोकं कापली, तर ज्या लोखंडावर पाटा लटकलाय तेच कमजोर होतं. डोळखांबच्या चढ-उतारावर माणसं भरलेली जीप असताना ते कळून उपयोग नाही.

फियाटची गोष्टही सांगण्यासारखी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी 1100 डिलाइट पुढे प्रीमियर पद्मिनी नावाने विकली गेली. 1964 पासून कारखाना बंद होईपर्यंत बॉडीचा मूळ साचा फारसा बदललाच नाही. जाळी बदलली, दिवे बदलले, पण गाडी तीच. म्हणून मुंबईत टॅक्सीवाल्यांना कोणत्याही सालचं सामान कोणत्याही गाडीला लावायची सवय लागली. 30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, पण 'गाडीचं नाव एक म्हणजे सामान एक' ही समजूत मिस्त्रींच्या हातात राहून गेली आहे. आजच्या गाड्यांना ती लागू पडत नाही.

अमेरिकेतले शौकीन काय करतात

पोरांच्या मोबाइलवर अमेरिकेतल्या 'मसल कार'चे व्हिडीओ फिरत असतात. 1960-70 च्या काळातल्या, मोठ्या इंजिनच्या, दोन दारांच्या गाड्या. त्यात माणसं 1970 सालचा चकचकीत बारीक बंपर 1975 च्या गाडीला लावताना दिसतात. आपल्या पोरांना वाटतं, तिकडे जमतं तर इकडे काय अडलं.

तिथे हे का करावं लागतं ते आधी बघू. अमेरिकन सरकारने 1973 सालच्या मॉडेलपासून नियम केला की पुढचा बंपर ताशी 5 मैल, म्हणजे साधारण 8 किलोमीटर वेगाने भिंतीला लागला तरी गाडीचे दिवे, इंधनाची व्यवस्था अशा सुरक्षेच्या वस्तू शाबूत राहिल्या पाहिजेत. पुढच्या वर्षी मागच्या बंपरलाही तोच वेग लागू झाला. कंपन्यांनी मग जाडजूड, पुढे आलेले बंपर दिले. शेवरले कॅमेरो नावाची प्रसिद्ध गाडी 1973 ची आणि 1974 ची शेजारी उभी केली तर 1974 ची सुमारे 7 इंच लांब आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ठीक, पण दिसायला शौकिनांना आवडली नाही. म्हणून ते आजही जुने बारीक बंपर शोधत फिरतात.

व्हिडीओत शेवटची दहा मिनिटं दिसतात. त्याआधी त्या माणसाने नुसता बंपर आणलेला नसतो. जुन्या सालाची जाळी, जाळीच्या भोवतीचा पत्रा, बंपरखालचा पत्रा, ब्रॅकेट, आणि लागलं तर मडगार्डसुद्धा, असा पूर्ण पुढचा सेट गोळा केलेला असतो. कंपनीने दिलेल्या भोकांत कंपनीचेच ब्रॅकेट. कापाकापी टाळण्यासाठी ही माणसं सामान शोधण्यात वर्ष घालवतात. आणि ती गाडी रोज आसनगाव स्टेशनला भाडं मारत नाही, रविवारी बाहेर निघते.

कापल्यावर बिघडतं काय

बंपर, त्यामागची पट्टी, ब्रॅकेट आणि चेसिसचं टोक हे सगळं मिळून धडकेचा जोर खातं. कसं, ते शेतातलंच उदाहरण घ्या. भरलेली आंब्याची पाटी पेंढ्यावर टाकली तर पेंढा दबतो, आंबे वाचतात. तीच पाटी खडीवर टाकली तर आंब्याचा चिवडा. वजन तेच, उंची तीच, पण थांबायला मिळालेलं अंतर वेगळं. गाडीचंही तसंच. समजा धडकेत गाडीचा पुढचा भाग 50 सेंटिमीटर चेपत चेपत थांबणार होता. कापाकापीमुळे किंवा कडक लोखंडी पाइपमुळे तो 40 सेंटिमीटरच चेपला, तर त्याच वेगाला आतल्या माणसावरचा सरासरी जोर सव्वापट होतो. उलट वेल्डिंग कच्चं असेल तर ब्रॅकेट पहिल्या झटक्यात निखळतं, ते काही जोर खातच नाही आणि पुढचा सगळा भार रेडिएटर, इंजिन आणि तुमच्या गुडघ्यांकडे येतो.

कारखान्यात हे चेपणं मापून ठेवलेलं असतं. ऑक्टोबर 2019 पासून देशात विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारगाड्यांना समोरून धडकेची चाचणी लागू आहे. ताशी 56 किलोमीटर वेगाने, गाडीच्या तोंडाचा 40 टक्के भाग अडथळ्यावर आदळवून बघतात. ती चाचणी ज्या बंपर-ब्रॅकेट-चेसिसवर झाली ती जोडी तुम्ही मोडली की त्या चाचणीचा तुमच्या गाडीशी संबंध संपला.

एअरबॅग असलेल्या गाडीत हे जास्त जपायला हवं. 1 जुलै 2019 पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, 2021 च्या अखेरपासून बाजूच्या सीटचीही. एअरबॅग उघडायची की नाही हे सेन्सर ठरवतो आणि तो गाडी किती झटक्यात मंदावली ते मोजतो. पुढे लोखंडाचा जंगला किंवा भलताच बंपर असेल तर हा झटका वेगळ्या रीतीने पोचतो. बॅग उशिरा उघडू शकते, नाहीतर उघडणारच नाही.

मागच्या बंपरचंही एक आहे. जुलै 2019 नंतरच्या गाड्यांना मागे रिव्हर्स सेन्सर सक्तीचे आहेत. ते मागच्या बंपरमध्ये गोल टिकल्यांसारखे बसवलेले असतात. अशा गाडीला जुन्या सालाचा बिनभोकांचा बंपर लावला की सेन्सर आत लोंबकळतात. अंगणात खेळणारं पोर आरशात दिसत नाही, म्हणून तर ती वस्तू आली.

छोट्या गोष्टीही असतात. नव्या बंपरची खालची जाळी जुन्या रेडिएटरच्या समोर येत नसेल तर हवा अडते. सपाटीला काही कळत नाही, माळशेज घाट चढायला लागलं की काटा वर जातो. टोचन लावायचा हुक बंपरमागे झाकला गेला तर चिखलात रुतल्यावर ट्रॅक्टरवाला दोर बंपरलाच बांधतो आणि नवा बंपर हातात येतो. फॉग लाईटची जागा आहे म्हणून दिवे लावले तर 55 वॅटचे दोन दिवे मिळून 9 अँपिअरच्या वर करंट ओढतात. ती वायर रिले आणि फ्यूज न टाकता सरळ पार्किंगच्या बटणाला जोडली की बटण वितळतं.

जंगल्याचं काय?

बंपरचा विषय निघाला की आपल्या भागात बुल गार्ड, म्हणजे पुढचा लोखंडी जंगला, येतोच. तानसा अभयारण्याच्या रस्त्याला रात्री रानडुक्कर आडवं येतं, हायवेला गुरं बसलेली असतात, म्हणून लोक तो लावतात. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. डुक्कर धडकलं तर जंगला जाळी आणि दिवे वाचवतो. पण तोच जंगला गाडीचं चेपणं बिघडवतो, एअरबॅगला अडवतो आणि समोर माणूस किंवा सायकलवाला आला तर त्याचं हाड जागेवर मोडतो. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड बेकायदेशीर असल्याचं कळवलं आणि कारवाई करायला सांगितलं. रात्री जंगलातून जायचं तर वेग कमी ठेवणं आणि हेडलाईटच्या काचा घासून स्वच्छ ठेवणं जास्त कामाला येतं.

कागदाची बाजू

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या रचनेत असा बदल करता येत नाही की कंपनीने दिलेली आणि आरसीवर नोंदवलेली माहिती जुळेनाशी होईल. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं की, ज्या नमुन्याला मंजुरी मिळाली त्याच्या रचनेविरुद्ध बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात जे बदल झाले त्यात कलम 182अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

घाबरून जायचं कारण नाही. फुटलेला बंपर काढून त्याच गाडीचा तसाच बंपर लावणं ही दुरुस्ती आहे, बदल नाही. चेसिसचं टोक कापणं, गाडीची लांबी बदलणं, पाइप वेल्ड करणं, हे रचनेत हात घालणं झालं. पासिंगला प्रवासी जीप नेणाऱ्यांना हा फरक माहीत असतो. त्यांच्या गाडीला आठ वर्षं होईपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतो. घरची गाडी मात्र पहिली 15 वर्षं तपासणीला जातच नाही. 2009 ची बोलेरो 2024 मध्ये नूतनीकरणाला गेली तेव्हा पहिल्यांदा कुणी तिच्या खाली वाकून बघितलं असेल.

विम्याचं तर जास्तच जपा. अपघात झाला की सर्व्हेअर फोटो काढतो. कापलेलं चेसिस, बाहेरून लावलेलं लोखंड त्याच्या फोटोत येतं. बदल कंपनीला कळवलेला नसेल तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडायला तेवढं कारण पुरतं.

आणखी एक बारीक गोष्ट, जी गॅरेजात कुणी आधी सांगत नाही. पुढची नंबर प्लेट बंपरवर असते. हाय सिक्युरिटी प्लेट असेल तर ती एकदाच बसणाऱ्या लॉकने ठोकलेली असते. बंपर काढताना ते लॉक तोडावं लागतं आणि ते परत वापरता येत नाही. साध्या स्क्रूने प्लेट अडकवून फिरू नका. अधिकृत केंद्रावरून नवीन लॉक बसवून घ्या आणि त्यासाठीचा वेळ आधीच धरा.

ज्यांच्याकडे आजोबांची 50 वर्षांपेक्षा जुनी जीप अजून शेडमध्ये आहे त्यांनी तर कटर लांबच ठेवावा. जुलै 2021 मध्ये केंद्राने जुन्या दुर्मीळ गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम काढले. मूळ रूपातली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न झालेली, 50 वर्षांवरची गाडी त्यात बसते. नवीन नोंदणीला 20,000 रुपये लागतात, ती दहा वर्षं चालते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी रोज वापरता येत नाही, पण शौकीन लोक तिला चांगले पैसे मोजतात. थारचा बंपर आणि कापलेली टोकं असलेल्या जीपला नाही.

करायचंच असेल तर असं करा

आधी टेप घेऊन गाडीखाली वाका. जुना बंपर उतरवा आणि चेसिसच्या दोन टोकांवरच्या भोकांचं मधून मधलं अंतर मोजा. भोकं जमिनीपासून किती उंच, बोनेटच्या काठापासून किती पुढे, तेही लिहून घ्या. मोठा पुठ्ठा टोकांवर धरून भोकांचा साचा पाडून घेतला तर उत्तम. हा पुठ्ठा आणि मोबाइलमधले फोटो घेऊन मगच कुर्ल्याच्या नाहीतर जवळच्या भंगार बाजारात जा. नुसतं "बोलेरोचा बंपर द्या" म्हटलं की तो समोर पडलेला देतो.

घेताना नुसतं फायबर घेऊ नका. मागची पट्टी, दोन्ही ब्रॅकेट, कडेच्या पट्ट्या आणि जाळी त्याच गाडीची मागा. फायबर उलटं करून मागून बघा. पुढून रंग मारून चकचकीत केलेलं असतं, मागून चिरा आणि गरम सळईने जोडलेले टाके दिसतात. ब्रॅकेट वाकून सरळ केलेलं असेल तर वाकलेल्या जागी रंग तडकलेला असतो, ते सोडून द्या. पावती घ्याच. चोरीच्या गाडीचं सामान निघालं तर पावतीशिवाय सांगायला काही उरत नाही.

भोकं जुळली तर रंग मारण्याआधी एकदा नुसता बसवून बघा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, टायर कुठे घासतं का बघा. मागे चार माणसं बसवून बघा, पुढेही दोघांना बसवा, मग स्पीड ब्रेकरवरून न्या. हेडलाईट, इंडिकेटर झाकले जात नाहीत, नंबर स्पष्ट दिसतो, टोचनचा हुक हाताला येतो, एवढं बघून मग रंगाला द्या. प्लास्टिकला त्याचा वेगळा प्रायमर लागतो, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात पापुद्रे सुटतात.

भोकं थोडक्यात हुकत असतील तर ब्रॅकेट बदला किंवा जाड पत्र्याचं मधलं ब्रॅकेट बोल्टने लावून घ्या. चेसिसला कटर नको, वेल्डिंग नको. बोल्ट वापराल त्याच्या डोक्यावर 8.8 असा आकडा कोरलेला बघून घ्या, तो ताकदीचा आकडा आहे. कोरा बोल्ट स्वस्त पडतो आणि तुटतोही. मागे स्प्रिंग वॉशर टाका. ब्रॅकेट गाडीपासून सोडवून बाकावर ठेवून वेल्ड करता येतं, तसंच करा. गाडीवरच वेल्डिंगची वेळ आली तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कॉमन रेल इंजिनची गाडी असेल तर वेल्डिंगच्या करंटने तिचा कॉम्प्युटर जाऊ शकतो आणि तो बंपरच्या कैक पटींनी महाग असतो. वेल्ड झालेल्या जागी रेड ऑक्साइड आणि वर रंग, दोन्ही हात मारा. आपल्याकडचा पाऊस उघडं लोखंड दोन सीझनमध्ये खातो.

अंतर इंच-दीड इंचाने हुकत असेल, म्हणजे साचाच वेगळा आहे. तिथे हौस सोडा आणि आपल्याच सालाचा बंपर शोधा. बोलेरो इतकी खपली आहे की जुन्या सालाचं सामान नवीनही मिळतं आणि भंगारातही. एअरबॅगवाल्या गाडीला तर दुसऱ्या सालाचा विचारच नको. तिथे पार्ट नंबर सांगून कंपनीचाच घ्या. थोडे जास्त जातील.

बसवल्यावर पाचशे किलोमीटर गाडी चालली की पाना घेऊन बोल्ट परत एकदा आवळा. नवे ब्रॅकेट थोडे बसतात आणि किन्हवली-सरळगाव रस्त्यावरच्या खड्ड्यांत उरलेलं काम होतं. काढलेले जुने ब्रॅकेट आणि पट्टी लगेच किलोच्या भावाने देऊ नका. गोठ्याच्या माळ्यावर टाकून ठेवा. गाडी विकायची वेळ आली की गिऱ्हाईक कंपनीफिटेड आहे का विचारतं, पासिंगलाही तेच विचारतात, आणि चेसिस कापलेलं नसेल तर तासाभरात सगळं परत मूळ जागी बसतं.